तीन बोटांची परीक्षा

जानेफळात कुणाच्या मुलीला स्थळ पाहायला आलं की मंजुळाबाईंना हमखास बोलावणं जायचं. त्या मुलाला समोर बसवून म्हणायच्या, "आ कर. तीन बोटं उभी घालून दाखव." बोटं गेली तर मुलगा निर्व्यसनी. अडकली तर गुटखा खाणारा, आणि सोयरीक तिथंच मोडली. गुटख्यानं त्यांचा सख्खा भाऊ गेला होता, त्यामुळे या बाबतीत बाईंना दयामाया ठाऊक नव्हती. गावही त्यांचा शब्द खाली पडू देत नसे.

आणि एका सकाळी त्यांचंच तोंड उघडेना. उजवा जबडा बरेच दिवस कटकट वाजत होता. तो आवाज थांबला आणि तोंड अडकलं. आरशासमोर त्यांनी बोटं घालून पाहिली, दुसऱ्या बोटालाच दात आडवे आले. मग तोंडावर पदर, आणि भाकर दुधात कुस्करून, तीही चोरून. पण गावात लपतंय काय? पानठेल्यावरचे लोक त्या दिसल्या की आपसातच म्हणायचे, "आ कर बे, तीन बोटं घाल." लेकी बोले सुने लागे. एकदा तर सूनच गुटख्याची पुडी सापडते का म्हणून त्यांची पिशवी चाचपताना दिसली. धरणीनं पोटात घ्यावं असं बाईंना झालं.

शेवटी त्या मेहकरला, फिजिओथेरपी करणाऱ्या प्रतीक्षा डॉक्टरकडे गेल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "मी पुडी नाही खात वं माय."

"मी कुठं म्हटलं काकू?" डॉक्टरनं गाल आतून बोटानं पाहिले. "मऊ आहेत. गुटख्यानं ते ताठ होतात, पांढरे पडतात." मग कानांपुढे बोटं ठेवून तोंड हळूहळू उघडायला लावलं. हनुवटी उजवीकडे सरकली. "सांध्यातली गादी जागेवरून हललीय. दातांनी काही ओढता का?"

बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधताना सुतळीचं टोक उजव्या दाढेत धरून गाठ आवळायची, ही बाईंची जन्माची खोड. डॉक्टरनं ती बंद केली. गरम फडक्याचा शेक, मऊ जेवण, एरवी दातावर दात टेकवायचा नाही, आणि जीभ टाळूला लावून तोंड उघडायचा व्यायाम. ऑपरेशनचं नावही काढलं नाही. हातमोजा घालून तिनं खालची दाढ अंगठ्यानं अलगद दाबली, तसं तोंड थोडं सैल झालं.

बाईंनी विचारलं, "मंग पोरायचंबी असं होते का? पुडी न खाता?"

"होतं ना. हनुवटीवर पडलं, मार लागला, की होतं."

बाईंना गणेश आठवला. त्यांच्या पुतणीला पाहायला आला होता. गाडीवरून पडल्याची जखम हनुवटीवर ताजी होती, आणि बोटं दोनच गेली. "काकू, आईची शपथ, मी सुपारीबी खात नाही," असं तो चारचौघांत हात जोडून म्हणाला होता. "हे तर सारेच म्हनतात," बाई म्हणाल्या होत्या, आणि सगळे हसले होते. पुढं त्याला कुणी मुलगी दिली नाही.

काही आठवड्यांनी बाईंचं तोंड मोकळं झालं, पण उजळ माथ्यानं फिरायची त्यांना लाज वाटे. एका दुपारी धीर करून त्या गणेशच्या घरी गेल्या. तो अंगणात पाण्याची मोटर खोलून बसला होता.

"गणेश, माह्यं चुकलं रे बाबा. तू खरं बोलत होता. चाल माह्यासंगं मेहकरले, डॉक्टरीण तोंड मोकळं करते."

त्यानं मान वळवून भिंतीकडे पिंक टाकली.

"तवा नव्हतो खात काकू," तो म्हणाला. "मंग सारं गाव म्हनतच होतं, त लागलो खायले. आता सुटत नाही."

मग त्यानं हात पुसून त्यांच्यासाठी बाज ओढली आणि आईला चहा टाकायला सांगितलं. चहा आला. बाईंनी तो बशीत ओतला, आणि तो तिथंच निवून गेला.