गव्हर्नरसाहेबांचं मराठी

दोन हजार पाचच्या सुमारास आम्ही रीडिंगला राहत होतो. नवरा ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत, मी डिपेंडंट व्हिसावर घरी. समोर एक ऐंशीला टेकलेल्या इंग्रज बाई एकट्या राहायच्या. मला फोनवर आईशी बोलताना ऐकून त्यांनी एकदा विचारलं, "हे मराठी ना?"

त्यांचे वडील तरुणपणी मराठी मुलखात कलेक्टर होते आणि पुढे तिथल्याच एका प्रांताचे गव्हर्नर झाले. बाई नातवंडांसाठी त्यांचं चरित्र लिहीत होत्या. वडिलांच्या पेटीतले मराठी कागद त्यांना कुणाकडून तरी वाचून हवे होते.

मी दर मंगळवारी जायला लागले. पेटी कायम आतल्या खोलीत. बाई एकच कागद बाहेर आणायच्या, मी निघाले की तो आधी हातात घ्यायच्या आणि मग दार उघडायच्या. कागदांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर होते. तीन, चार, मग एकदम सहा.

"त्यांना तुझा संशय येतोय," नवरा म्हणाला.

"मला त्यांचा येतोय. पाच नंबर कुठे गेला?"

बहुतेक कागद मानपत्रांचे होते. हार, तुतारी, हुजुरांचा उदंड जयजयकार. बाई खूश होऊन टाइप करायच्या. मी शेवटी विचारलंच. "त्याचं भाषांतर आहेच माझ्याकडे," म्हणत त्या आत जाऊन पाच नंबर घेऊन आल्या.

एका शाळामास्तरच्या बायकोचा अर्ज होता. अक्षर कच्चं, पण स्वच्छ. स्वराज्याच्या मिरवणुकीत होते म्हणून यजमानांना तुरुंगात टाकलंय, महिनाभर ताप उतरत नाही, वैद्याला आत सोडा, एवढीच विनंती. मी इंग्रजीत सांगत गेले तसा बाईंचा चेहरा उतरला.

"तुम्ही नीट वाचताय ना?"

"एकेक शब्द."

त्यांनी एक जुनं पत्र पुढे केलं. वडिलांनी इंग्लंडला बायकोला लिहिलेलं. त्यात याच अर्जाचं भाषांतर त्यांनी स्वतः केलं होतं: एका गरीब बाईने माझ्या भेटीबद्दल आभार मानलेत आणि तुला व मुलांना आशीर्वाद दिलाय.

"त्यांचं मराठी कच्चं असेल," बाई म्हणाल्या.

मी भिंतीकडे पाहिलं. मराठीची परीक्षा विशेष प्रावीण्याने पास झाल्याचं त्यांचं सर्टिफिकेट तिथे फ्रेममध्ये होतं. बाईंनीही तिकडे पाहिलं. चहा न विचारताच त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं.

पुढचे तीन मंगळवार बोलावणं आलं नाही. मग एक दिवस त्या स्वतःच आमच्या दारात आल्या. "मी तो कागद क्रॉयडनच्या एका मराठी डॉक्टरांना दाखवला. सॉरी. तुम्ही खरं सांगितलं होतं."

मला राग आला, पण त्या इतक्या थकलेल्या दिसत होत्या की मी "या ना, बसा" म्हणाले. बसल्यावर त्यांनी विचारलं, "त्या मास्तरांचं पुढे काय झालं असेल?" पेटीत त्याबद्दल काही नव्हतं. निदान त्या तसं म्हणाल्या.

नाताळात पुस्तक छापून आलं. एक प्रत मला दिली, आत माझे आभारही होते. मी उभ्या उभ्या पाच नंबर शोधला. अर्जाचा फोटो होता, खाली माझं भाषांतर, शब्दाला शब्द. वडिलांचं भाषांतर कुठेच नव्हतं. फोटोखाली बाईंनी लिहिलं होतं: प्रांतातली साधी माणसंही गव्हर्नरांकडे मोकळेपणाने गाऱ्हाणी मांडत.

दोन दिवसांनी बस स्टॉपवर भेटल्या. "वाचलंत? कसं वाटलं?"

"फोटो छान आलेत," मी म्हणाले. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, आणि माझी बस आली.