चौदा वर्षं तीन महिने

आमच्या गावात अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे यायचं, ही रीत मीच पाडून घेतली. तलाठ्याला, पोस्टाला, वीज खात्याला, शेजाऱ्याच्या फणसाची फांदी आपल्या कौलांवर येते म्हणून ग्रामपंचायतीला, सगळे अर्ज माझ्या हातचे. माझं अक्षर चांगलं आहे हे मी सांगायची गरज नाही, तरी सांगतो. इंग्रजीही चांगलं. विषयाखाली दोन रेघा, शेवटी विनंतीचं एक लांबलचक वाक्य, आणि कार्बन घालून एक नक्कल. ती नक्कल अर्जदाराच्या हातात देण्याआधी मी कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहीत असे, ‘नक्कल जपून ठेवावी’. लोक खरंच जपून ठेवत. मास्तरांनी सांगितलं म्हटल्यावर ते कोण मोडणार?

माझा एक मित्र फौजेत होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तो अठराव्या वर्षी भरती झाला, मी पुढे शिकून मास्तर झालो. तो नाईक म्हणून घरी आला, पण गावाने त्याला परस्पर बढती देऊन हवालदार करून टाकलं, आणि मीही त्याला हवालदारच म्हणतो. पेन्शन मात्र त्याला नाही. जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं नोकरी लागते. याची झाली चौदा वर्षं आणि तीन महिने. नऊ महिने राहिलेले असताना, आई आजारी पडली म्हणून, हा स्वतःहून सुटून आला आणि भात आणि काजू करत बसला.

या नऊ महिन्यांवरून मी त्याला आयुष्यभर छळलं. देवळात भेटला, तिठ्यावर भेटला, कुणाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसला की माझं सुरू. “मेल्या, नऊ म्हयने तुका धीर नाय? चतुर्थीक घर दिसाक लागला काय?” तो हसायचा. “नाय निघालो रे धीर,” एवढंच म्हणायचा. तो असा हसला की मला आणखी चेव यायचा. बरं, हे तिठ्यावर ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. मी ते वर्गात नेलं. दरवर्षी एकदा तरी मी मुलांना एका माणसाची गोष्ट सांगायचो, ज्याने पंधरा वर्षांपैकी शेवटचे नऊ महिने धीर धरला नाही आणि सगळं घालवलं. नाव घेत नसे. आमच्या गावात नाव घ्यायची गरज नसते.

गेल्या थंडीत त्याला धाप लागायला लागली. काजूच्या बागेतल्या चढावर तीनदा बसावं लागतं, म्हणाला. तपासायला कोल्हापूरला नेलं. हृदयाची एक झडप कामातून गेलेली, बदलावी लागेल, आणि पावसाळ्याच्या आत बदला, असं डॉक्टरांनी सांगितलं. येताना घाट उतरून गाडी फोंड्याला थांबली. गाडीपासून चहाच्या टपरीपर्यंत वीस पावलं असतील. तेवढ्यात हा माणूस घामाने भिजला आणि मैलाच्या दगडावर बसला. एकेकाळी पाठीवर ओझं घेऊन बर्फात चढलेला माणूस. मला बघवेना.

तिथेच मी ठरवलं. माजी सैनिकांचा वेगळा दवाखाना असतो, त्याचं कार्ड असलं की मोठ्या इस्पितळात सगळं होतं. मी म्हटलं, “तुझा कार्ड काढूया.”

“माका गावाचा नाय तां,” तो म्हणाला. “पेन्शनवाल्यांकच गावता.”

“मी बोलतंय मा त्यांच्याशी. माज्यासमोर कोण नाय म्हणता बघूया.”

“तू कशाक येतस? चेडू येतला दोडामार्गासून.”

त्याची लेक लग्न होऊन दोडामार्गला आहे. मला वाटलं, मला त्रास नको म्हणून बोलतोय. मी कसला ऐकतो? इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला दोन पेनं लावली आणि त्याला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो.

माजी सैनिकांच्या कचेरीत टेबलामागे एक निवृत्त सुभेदार बसले होते. घाटावरचे, शांत माणूस. हवालदार साडीच्या दुकानाची एक जुनी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला. तिच्यातून त्याने फक्त सुटकेचं पुस्तक काढून दिलं. सुभेदारांनी ते सावकाश चाळलं.

“गुरुजी,” ते मला म्हणाले, “पेन्शन नाही तर कार्ड नाही. आता पेन्शनचं बघायचं, तर नऊ महिने कमी पडतात. वर्षाच्या आतली तूट माफ होऊ शकते, तशी मागणी वर पाठवता येते.”

मी हवालदाराच्या गुडघ्यावर थाप मारली. बघ, म्हटलं.

“पण,” सुभेदार म्हणाले, “जो स्वतः मागून सुटला, त्याला ही माफी लागू नाही. आणि इथे सुटकेचं कारण लिहिलंय, स्वतःच्या विनंतीवरून.”

मी तापलो. आजारी आईसाठी माणूस घरी येतो, त्याला विनंती म्हणतात? त्याला नाइलाज म्हणतात! साध्या जवानाला इंग्रजी शब्दांत अडकवून त्याची चौदा वर्षं खाता काय, असं मी बरंच बोललो. आजूबाजूची माणसं बघायला लागली. सुभेदार रागावले नाहीत. म्हणाले, “मूळ अर्जाची नक्कल असेल तर दाखवा. रजा मागितली होती की सुटका, ते बघू. कधीकधी शब्दांत वाट सापडते.”

“तो नाही, साहेब,” हवालदार घाईने म्हणाला. “हरवला.”

मला हे खरं वाटेना. हा माणूस रेशनची जुनी पावतीसुद्धा टाकत नाही. “दी हंय,” म्हणत मी पिशवी ओढली. त्याने ती सोडली नाही. आम्ही दोन म्हातारे त्या कचेरीत पिशवीची ओढाओढ करत होतो. शेवटी त्याला धाप लागली म्हणून त्याने हात सोडला. मी कागद उलटेपालटे करत होतो आणि तोंडाने चालूच होतं, “खंयच्या गाढवान लिवन दिल्यान तुका ह्यां, बघूंया तरी!”

कागद सापडला. कार्बनची निळी नक्कल, घड्यांवर विरलेली. विषयाखाली दोन रेघा. मजकुरात, अगदी ठसठशीत, ‘ॲट माय ओन रिक्वेस्ट’. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत मराठीत, ‘नक्कल जपून ठेवावी’.

मी तो कागद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात. हवालदार खिडकीबाहेर बघत होता. सुभेदारांनी हात पुढे केला, मी कागद दिला. त्यांनी वाचून परत ठेवला आणि म्हणाले, “सुंदर अक्षर आहे.” त्यांना काही माहीत नव्हतं.

निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन सांगितलं, की वर फौजेचं न्यायाधिकरण आहे, तिथे अशा काही माणसांचं ऐकून घेतलं गेलंय. खात्री नाही. पण सुटकेची मागणी कशी झाली, कुणी करायला सांगितली, हे खरं खरं लिहून द्यावं लागेल.

एसटीत बसल्यावर सगळं आठवलं. इतकी वर्षं ते कुठे होतं, मला ठाऊक नाही. एप्रिल होता, मी पडवीत परीक्षेचे पेपर तपासत होतो. तो रजेवर आलेला. आईला अर्धांग झालेलं, बायकोच्या कडेवर पोर, भाऊ मुंबईत. बाकाच्या टोकाला अंग चोरून बसला आणि म्हणाला, “रजा दोन म्हयने वाढवून होयी. तसा लिव.” आणि मी लाल पेन खाली ठेवून त्याला शहाणपण शिकवलं. रजा कसली मागतोस, भीक मागितल्यासारखी? आमच्या खात्यात दहा वर्षं भरली की पेन्शन बसते. तुझी चौदा झाली. सुटकाच माग आणि आईपाशी राहा. तो म्हणाला होता, “नक्की मा?” आणि मी म्हटलं होतं, “मास्तर कोण, तू काय मी?”

कुणाच्या खात्याचा नियम कुणाला लावला मी! निदान कुणाला तरी विचारायचं. पोस्टकार्ड टाकायचं. काही केलं नाही. ‘मला ठाऊक आहे’, एवढं मला पुरेसं होतं.

“तुज्या साहेबान तुका सांगल्यान नाय?” मी विचारलं.

“सांगल्यान तर. पेन्शन गावाची नाय, ठावक आसा मा, म्हणान इचारल्यान. मिया म्हटलंय, येस सर. माका वाटला, साहेबाकच नियम ठावक नसतलो.” त्याने श्वास घेतला. “साहेब काय, आज हंय उद्या थंय. तू गावचो मास्तर. तू लिवलंस तां चुकीचा असात, असा माका वाटूकच नाय.”

“मगे माका कधी बोललंस कित्याक नाय?”

“बोलान काय नऊ म्हयने वाढतले होते?”

मला रडू आलं. एसटीत, चारचौघांत. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली, तिला वाटलं गाडी लागली.

त्याच्या घरी वहिनी, त्याची बायको, वाटच बघत होती. “काय झाला?” तिने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हवालदार म्हणाला, “नियमात बसणा नाय. मास्तर खूप भांडलो गो.” आणि पाय धुवायला मागच्या दारी गेला. मला काही बोलायची वेळच येऊ नये अशा सहजपणे त्याने मला पुन्हा एकदा पाठीशी घातलं. तिने चहा आणून दिला. मी कप खाली ठेवला.

मी म्हटलं, “वहिनी, तो अर्ज मी लिवललंय.”

“माका ठावक आसा, मास्तरांनू.”

ती चुलीकडे वळली आणि पाठमोरीच बोलली. “तुमी वर्गात ती धीराची गोष्ट सांगलास, त्या दिवशी चेडू रडत घराक इला. आपल्या बापाशीचीच गोष्ट ती, तेका कळाक नाय काय? तेवा मी रागान सगळा सांगून टाकलंय. ह्येंनी आमका दोघांक शपथ घातल्यानी, मास्तराक ह्यां कधी कळता कामा नये. चेडू तुमच्या वर्गात आणखी दोन वर्सां बसला.” मग म्हणाली, “च्या घेवा, निवतली.”

दोन वर्षं. ते पोर पहिल्या बाकावर बसायचं, हे मला आठवतं. पुढच्या वर्षीही मी ती गोष्ट सांगितली असणार. सांगितलीच. मी माणूस वाईट नाही असं मी समजत आलो. त्या रात्री मला स्वतःला तेही सांगवेना.

पुढचे चार दिवस मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा करत होतो. इतके अर्ज लिहिले, पण एवढी खाडाखोड कधी झाली नाही. रविवारी लेक दोडामार्गहून आली. तिला गोव्यातल्या इस्पितळात नोकरी आहे, वडिलांसाठी तिथे दुसरी काही सोय होते का ते ती बघतच होती. सगळे घरापुढच्या खळ्यात बसले, आणि मी चष्मा लावून वाचायला लागलो. ‘सदर अर्जातील शब्द अर्जदाराचे नसून माझे आहेत. अर्जदारास इंग्रजी येत नव्हते. त्यांच्या मातोश्री अंथरुणास खिळलेल्या होत्या...’

“ह्या काय लिवलंस?” हवालदार म्हणाला. “तुजा नाव कशाक? खोड तां.”

“खोडूचंय नाय,” मी म्हटलं, आणि खोटं कशाला सांगू, हे म्हणताना मला जरा बरं वाटलं.

लेक इतका वेळ खाली मान घालून ऐकत होती. “गुरुजी,” ती म्हणाली, “एक ऱ्हवला.”

“काय?”

“बाबा रजा मागूक इलेले. सुटूक नाय. सुटूचा तुमी सांगलास, नि दहा वर्सांचो नियमसुद्धा तुमीच सांगलास. तां खंय आसा ह्याच्यात?”

ते राहिलं नव्हतं. मी ते गाळलं होतं. शब्द माझे, एवढं कबूल करायला माझी तयारी होती. चुकीच्या शब्दांपेक्षा चुकीचा सल्ला मोठा, आणि तो मी चार दिवस सगळ्या मसुद्यांतून बाजूला ठेवला होता. हे तिने एकदा ऐकून पकडलं.

“मी सांगतंय तां तुमका वायट दिसाक म्हणान नाय,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “बाबांचा काम होवक होया. पावसाक दोन म्हयने ऱ्हवले.”

मी माझ्या पिशवीतून कोरे कागद काढले, मध्ये कार्बन घातला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतलं. ती समोरून उठून माझ्या बाजूला येऊन बसली, आणि दहा वर्षांची ओळ पुरी होईपर्यंत कागदावरून तिने नजर काढली नाही.