सतरंजीखालची दोरी

जळगावच्या मंडळातल्या बायांनो, धुळ्याहून लिहितेय. एकीने वाचा, बाकीच्यांनी ऐका. पोरीचं नाव मात्र विचारू नका.

इथल्या तमाशाच्या फडाचे कपडे मी शिवते. आज सकाळी फडातली अठरा वर्षांची नाचणारी रिकाम्या स्टेजवर सतरंजीच्या कडेखाली दोरी टाचताना दिसली. मला बघून दचकली. मी म्हटलं, ही करणीच! दुसऱ्या नाचणारीचा पाय मोडायचा बेत. दोरी उपटलीच मी.

ती माझा हात धरायला आली आणि धरला पदर.

“अक्का, दोरी पायले लागनी का समजस, पुढे स्टेज सरनं. माले दोन्ही बाजूनं दिसत नही आते, फक्त समोरनं दिसस.”

“आणि मालक?”

“त्याले समजनं तर नाच बंद. सांगू नको वं.”

नाटकं करते का, म्हणून मी तिच्या कानाशी बोटं नाचवली. पापणी लवली नाही. वर म्हणते, “आज दोन गिरक्या जास्ती मारसू.”

दोरी मीच परत शिवली, दुहेरी टाक्याने. दुपारच्या खेळात ती पडली नाही. पण स्टेज पुरुषभर उंच आहे, आणि तीच सांगते, डोळ्यांनी रोज कमी दिसतंय. बायांनो, मी तिचा नाच राखला की तिला कडेला नेऊन उभी केली? खरं सांगा, तोंडदेखलं नको.