धाकटीची पूड, काजवालीचं पोट

काजवालीला तिच्या जावेने विष घातलं, ही बातमी सकाळी निघाली आणि दुपारच्या आत कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत पोचली. कोणी म्हणे चहातून घातलं, कोणी म्हणे भाजीतून. एकीने तर त्या जावेला, धाकटीला, पोलिसांच्या गाडीत चढतानाही पाहिलं होतं. ती पाहणारी बाई त्या दिवशी गावातच नव्हती, ही गोष्ट वेगळी. खरं इतकंच होतं, की काजवालीने जे खाल्लं ते स्वतःच्या हाताने, चोरून आणि मूठमूठ खाल्लं.

काजवाली म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची थोरली सून. कपड्यांच्या कारखान्यात ती कोटांना हाताने काजं करायची. आधी कापडाला चीर द्यायची, मग रेशमी दोऱ्याने तिच्या कडा अशा बांधायच्या, की बघणाऱ्याने चीर विसरून जावी. माणसांच्या बाबतीत मात्र ती पहिल्या अर्ध्यावरच थांबायची. आणि तिने सगळ्यात जास्त चिरा दिल्या त्या धाकट्या जावेला.

धाकटी कामाला होती मोडांच्या कारखान्यात. तिथे लोहाचे क्षार मिसळलेल्या पाण्यात सोयाबीन भिजत घालायचे, मोड काढायचे, वाळवून दळायचे. ज्यांच्या अंगात लोह कमी, त्यांच्यासाठी ती तपकिरी पूड. धाकटीलाही बाळंतपणानंतर डॉक्टरीणबाईंनी तीच चालू केली होती. घरातल्या बरणीवर तिने स्वतः चिठ्ठी डकवली होती : रक्त तपासल्याशिवाय घेऊ नये, दिवसाला एकच सपाट चमचा, मुलांपासून लांब.

पुडीने धाकटीच्या गालांवर रंग चढला आणि काजवालीच्या तोंडाचा उतरला. धाकटी कडेवर पोर, हातात पिशवी घेऊन तीन जिने गुणगुणत चढायची. काजवाली दुसऱ्या मजल्यावर थांबायची, खिडकीतून बाहेर बघायची. बाहेर समोरच्या इमारतीच्या मोरीचा पाइप होता. रोज पाच मिनिटं पाइप बघणारी बाई धापा टाकते आहे, हे कोणालाही कळलं असतं. पण विचारायची सोय नव्हती.

त्यात सासूबाई. "धाकटी बघ कशी टवटवीत झाली," म्हणायच्या, आणि म्हणताना बघायच्या थोरलीकडे. कारखान्यातही तेच. दोघी-तिघींनी रक्त तपासून पूड सुरू केली, तर कटिंग मास्तर म्हणाले, "तुमच्या जावेचे उपकार झाले हो. बाया दुपारच्या डुलक्या घेईनाशा झाल्या."

"खिळे भिजवलेलं पाणी आहे ते," काजवाली सुईवरून डोळा न काढता म्हणाली. "उद्या गंज चढला म्हणजे सांध्यांत तेल घालत बसा."

बाया हसल्या. काजवालीला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण त्याच आठवड्यात सुईत दोरा ओवताना डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि एका कोटाची चीर बोटभर पुढे गेली. कोट वाया गेला. मास्तरांनी पुढचा कोट दुसरीकडे दिला. तेच तिला जास्त लागलं.

आता पूड हवी होती. पण मागायची कोणाकडे? धाकटीकडे? ती "घ्या ना, जाऊबाई" असं गोड बोलून द्यायची, आणि ते गोड बोलणं जन्मभर घशात अडकायचं. त्यापेक्षा चोरी बरी. चोराला निदान आभार मानावे लागत नाहीत. स्वयंपाकघर मोकळं बघून काजवालीने बरणीतली पूड आपल्या बटणांच्या एका रिकाम्या डब्यात भरली. तिचा हिशेबही जावेच्या गालांवरूनच बेतलेला होता : धाकटी चमचाभर खाऊन गुणगुणते, तर आपण मूठभर खाल्ली की तिला मागे टाकू. चव बुडावी म्हणून वर कडक चहा. चहाने लोह अंगी लागायला अडतं, हे घरात धाकटी शंभरदा बोलली होती. पण धाकटीचं बोलणं ऐकायचं नाही, हा तर नेम होता.

चार दिवसांत पोटात पीळ पडायला लागला आणि सकाळी जे दिसलं ते डांबरासारखं काळं. काजवालीची खात्री पटली : मेलीने मुद्दाम बरणी उघड्यावर ठेवली, त्यात काहीतरी कालवलं. बोंब मारावी तर चोरी उघडी पडते. म्हणून तिने शेजारणीला अर्धंच सांगितलं, "जावेचं खाल्लं आणि पोटात काळं झालं गं." उरलेलं अर्धं शेजारणीने पदरचं घातलं.

दवाखान्यात काजवाली म्हणाली, "माझ्या मैत्रिणीला त्रास होतोय."

डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. "मैत्रीण फारच पांढरी पडली आहे. काय खाल्लं तिने?"

तिने सांगितलं.

"विष नाही ते. लोह जास्त गेलं की शौचाला काळं होतं. पण आतून रक्त जात असेल तरी काळंच होतं, म्हणून तपासण्या करू. पूड बंद." मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "वनस्पतीतून आलंय म्हणून कितीही चालतं असं नसतं, बाई. जास्तीचं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही, ते साचतं. ज्याला कमी आहे त्याने मोजून घ्यावं, ज्याला पुरेसं आहे त्याने हातही लावू नये. घरात लहान मूल आहे का?"

"जावेची पोरगी."

"तिच्या हाती लागलं तर जिवावर बेतेल. डबा कुठे आहे?"

डबा शिवणाच्या टोपलीत होता आणि टोपली जमिनीवर. पोरगी दुपारभर त्याच टोपलीपाशी बसून काकूचे बटणांचे डबे खुळखुळवायची.

काजवाली पिशवी तिथेच टाकून धावली. त्या दिवशी पाइप बघायला थांबणं झालं नाही. वर पोचली तेव्हा पोरगी मांडीत डबा घेऊन झाकणाशी झटत होती. काजवालीने तो हिसकला, झाकण उडालं, पूड फरशीभर झाली. पोरीने भोकाड पसरलं. काजवाली भिंतीला टेकून खालीच बसली. हात पुसत धाकटी बाहेर आली.

"ही तर माझी पूड."

"तुझीच."

"तुमच्या डब्यात?"

"चोरली मी. आधी पोरीचं तोंड बघ. माझं मग बघशील."

तोंड स्वच्छ होतं. तरी दोघी तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. पोरीला तपासून डॉक्टरीणबाईंनी "काही नाही" म्हटलं, तेव्हा धाकटी रडली आणि काजवालीने तोंड फिरवलं.

तपासणीत आतून रक्त जात नसल्याचं कळलं. लोह मात्र खरोखरच फार कमी निघालं. पोट शांत झाल्यावर पूड पुन्हा सुरू करायची ठरलं : एक सपाट चमचा, लिंबाच्या पाण्यातून, चहापासून दूर. बरणी आता वरच्या कपाटात कुलपात, आणि किल्ली धाकटीच्या कमरेला. रोज सकाळी काजवालीला तिच्यापुढे पेला धरून उभं राहावं लागे, सासूबाईंच्या देखत. पूड कडू नव्हती. देणारा हात कडू होता. धाकटी चमच्यावरून बोट फिरवून सपाट करायची, तेव्हा काजवालीला वाटे, ही मेली माझ्या वाटणीचंच पुसून घेतेय.

काही महिन्यांनी अंगात रक्त भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरे झालं, आता बंद. त्या संध्याकाळी काजवाली तीन जिने न थांबता चढून आली आणि दारात कोट मांडीवर घेऊन बसली. धाकटीला राहवलं नाही.

"मग जाऊबाई, आता तरी म्हणाल ना, माझ्या पुडीने गुण दिला?"

काजवालीने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "गुण कसला? माझ्या अंगी लागली, हे तुझ्या पुडीचं नशीब."