चार बोटं जास्त

जुन्या जालन्यातल्या एका कापडदुकानात आमचे शेजारी कापड मोजून देत. माप भरलं की चार बोटं पुढे सरकून मगच कात्री लावत आणि म्हणत, "राहू द्या, शिवताना लागतंय." समोर शेठ बसलेले असले तरी त्यांना फिकीर नसे.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी आम्हा शेजाऱ्यांना जेवायला नेलं. वाटूरच्या रस्त्याला शेतात नवं, महागडं हॉटेल झालं होतं. चिकूच्या झाडांखाली पांढरी कापडं अंथरलेली टेबलं. वेटर बेताबेतानं भाजी वाढू लागला, तसे ते उठले आणि त्याच्या हातातलं भांडं घेतलं.

"साहेब, बसा. मी वाढतो."

"तुमी वाढून राह्यले, मंग मी काय करू? पाव्हणे माझे हैत."

नको म्हणणाऱ्याला ते दोनदा वाढत. मग शेजारच्या अनोळखी टेबलाकडेही वळले. ती माणसं आधी बावरली, नंतर ताटं पुढे करू लागली.

"ह्यांनी इथं बी दुकान मांडलं," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांचं झाल्यावर ते बसले. या वेळी भांडं मी उचललं. त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "बस, बस. न्हाई लागत."

बोटं मात्र चांगली फाकलेली होती.