ते शून्य माझं हाय

गेल्या महिन्यात एका सकाळी संगमनेरच्या ऑफिसात टेबलावर डबा ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. पलीकडे मनीषा होती, अंबादास कराळे यांची मुलगी. "मॅडम, अण्णा गेले." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" कारण अंबादासभाऊ कायम कुठेतरी गेलेलेच असायचे. इतकी वर्षं त्यांच्या घरी फोन लावला की त्यांच्या पत्नीचं, काकूंचं, उत्तर ठरलेलं असे, "ते गेल्यात वर, डोंगरात." मग मनीषाचा हुंदका ऐकू आला आणि मला कळलं. तिसगावच्या घरी चहा पिऊन ओट्यावर बसले होते, छातीत कळ आली, गाडी येईपर्यंत… काम सोडून त्यांना दोन वर्षंही झाली नव्हती.

अंबादासभाऊंचं काम काय होतं हे त्यांच्या गावातही फार जणांना ठाऊक नव्हतं. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, जिथे पाऊस सुरू झाला की दिवसेंदिवस समोरचं झाड दिसत नाही, तिथल्या डोंगरांवर पाऊस मोजायची आपोआप चालणारी केंद्रं आहेत. तारेचं कुंपण, एक खांब, त्यावर सौर पॅनेल आणि आकाशाकडे रोखलेला अँटेना. मोबाईलची रेंज तिथे पोचत नाही, म्हणून दर तासाचा पाऊस हे यंत्र थेट उपग्रहाला कळवतं आणि तिथून तो आकडा आमच्या पूरनियंत्रण कक्षातल्या पडद्यावर उमटतो. धरणात किती पाणी येणार, प्रवरेत किती सोडायचं, नदीकाठच्या लोकांना कधी उठवायचं, हे सगळं त्या आकड्यांवर ठरतं. ही केंद्रं जिवंत ठेवणारा माणूस म्हणजे अंबादासभाऊ. एका कंत्राटदाराकडे ते कामाला होते. खांद्यावर बॅटरी, पाठीवर हत्यारांची पिशवी, आणि पायात प्लॅस्टिकचे बूट. चामडं तिथल्या पावसात आठवडाभरही टिकत नाही, असं ते म्हणायचे.

मी नोकरीत नवी असताना पहिल्यांदा त्यांच्याबरोबर वर गेले. दोन तासांच्या चढणीत मी चार वेळा बसले, ते एकदाही नाही. वर पोचल्यावर त्यांनी पर्जन्यमापकाचं झाकण काढून दाखवलं. आत सी-सॉसारखी एक छोटी पन्हाळी असते, दोन बाजूंना दोन कप्पे. एक कप्पा भरला की ती टक्‌कन कलते, दुसरा भरला की परत. प्रत्येक कलण्याची नोंद म्हणजे पाऊस. "एवढंच?" मी म्हणाले. "एवढंच, मॅडम. बाकी सगळा पसारा ही टकटक वर सांगायला." मी विचारलं, उपग्रह नक्की कुठे आहे? त्यांनी हात दक्षिणेला उंच केला, थोडा पूर्वेकडे वळवला आणि ढगातल्या एका जागेवर बोट रोखलं. "तितं हाय. कधी हालत न्हाई. आपन हाललो तर आपली चूक."

उतरताना त्यांनी स्वतःबद्दल थोडं सांगितलं. आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की घराला कुलूप आणि मुलं टोळीबरोबर. संगमनेरच्या आसपासच्या उसाच्या फडांत त्यांचं निम्मं बालपण गेलं. शाळा तुटत-जुळत दहावीपर्यंत पोचली, पुढे आयटीआय केलं, मग तिसगावच्या बाजारात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीची टपरी टाकली. ती चालेनाशी झाली तेव्हा हे काम मिळालं. "आमच्याकडं पाऊस मोजायला चमचा बास हुतो," ते हसत म्हणाले, "आन मला धाडलं हितं, जितं पिंपसुद्धा पुरंना. पयल्या वर्षी तर मी नुसता बघत उभा राह्यचो. वाटायचं, ह्यातला एक दिवस तरी आमच्या रानात पडावा…"

ज्या प्रसंगामुळे मी हे लिहायला बसले, तो त्यानंतर चार-पाच वर्षांनी घडला. ऑगस्ट होता. आदल्या दुपारपासून पश्चिमेला पावसानं जोर धरला होता. सकाळी मी कक्षात आले तेव्हा पडद्यावर सगळ्या केंद्रांचे आकडे चढत होते, फक्त सर्वांत वरच्या केंद्राचा आकडा दर तासाला एकच: शून्य. मी साहेबांना दाखवलं. त्यांनी बारकाईनं पाहिलं. संदेश अगदी वेळेवर येत होता, बॅटरी ठणठणीत होती. "यंत्र बंद असतं तर संदेशच आला नसता," ते म्हणाले. "डोंगराच्या त्या अंगाला नसेल पाऊस. आकडा आहे तो धरा." तो धरला आणि त्या एका शून्यानं साऱ्या पाणलोटाची सरासरी खाली ओढली. कागदावर येणारं पाणी आटोक्यात दिसू लागलं. धरणाची पातळी मात्र कागदापेक्षा भरभर चढत होती. मला राहवेना. अंबादासभाऊ रजेवर होते. त्या दिवशी मनीषाचा साखरपुडा होता, हे माहीत असूनही मी फोन लावला.

मागे लाउडस्पीकरवर सनई वाजत होती. मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी विचारलं, "शून्य येतंय, का काहीच येत न्हाई?"

"शून्य येतंय. दर तासाला."

सनईचा आवाज लांब गेला, ते मांडवाबाहेर आले असावेत. "भाऊ?"

"मॅडम," ते म्हणाले, "ते शून्य माझं हाय."

दोन दिवसांपूर्वी ते त्या केंद्रावर साफसफाईला गेले होते. साफ करताना पन्हाळी हलली तर नसलेला पाऊस वर कळवला जातो, म्हणून ते ती दोऱ्यानं बांधून ठेवत. त्या दिवशी धुकं दाटलं, खाली शेवटची एसटी गाठायची होती, घरी साखरपुड्याची तयारी… झाकण लावलं आणि निघाले. दोरा आतच राहिला. "पाऊस पडतोय, पर ती कलंनाच. म्हनून शून्य जातंय. तुमी तितला पाऊस सगळ्यात जास्त हाय असं समजा. मी हितून लिहून पाठवतो, माझं नाव घालून. साहेबांना आत्ता सांगा."

मी धावत गेले. साहेब भला माणूस. ऐकलं, एकदा डोळे मिटले आणि लगेच शून्य काढून टाकून हिशेब नव्यानं मांडायला लावला. दुपारच्या आत धरणातून टप्प्याटप्प्यानं पाणी सोडायला सुरुवात झाली. नदीकाठच्या वस्त्यांतून भोंगा फिरला, दिवसाउजेडी माणसं, शेळ्या, गाद्या, शिलाई मशिनं वर शाळेत आली. संध्याकाळी पाणी पहिल्या गल्लीत शिरलं, तेव्हा तिथे कुणी नव्हतं. काही तास उशीर झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरता करत नाही.

अंबादासभाऊंनी पाहुण्यांची पंगत उठेपर्यंतही वाट पाहिली नव्हती. मिळेल त्या गाडीनं, मग पायी, भर पावसात ते दुसऱ्या दिवशी सकाळी वर पोचले. आम्ही सगळे पडद्यासमोर उभे होतो. अकराच्या संदेशात शून्याच्या जागी आकडा आला. बाराच्या संदेशात दुप्पट. शिपायानं न सांगता सगळ्यांना चहा आणला.

यानंतर मी एक गोष्ट केली, ती इथे सांगितलीच पाहिजे. अहवाल लिहिताना मी कारणाच्या रकान्यात 'यंत्रातील तात्पुरता बिघाड' असं लिहिलं. कुणाचं नुकसान झालं नव्हतं, माणूस कंत्राटी, चूक कबूल केलेली. कशाला त्याच्या पोटावर पाय द्यायचा? तालुक्याच्या गावी भेटले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं, जरा अभिमानानंच. त्यांचा चेहरा उतरला.

"आसं करू नका, मॅडम. बिघाड लिहिला तर यंत्र बदलतील. फुडचा मानूस पुन्हा दोराच बांधनार आन पुन्हा इसरनार."

"पण भाऊ, तुम्हाला काढतील."

"काढतील. मला समजतंय." ते बुटाला लागलेला चिखल काठीनं खरवडत राहिले. "पर खालच्या लोकांनी माझ्या आकड्यावर घरं सोडायची का न्हाई ठरवायचं. त्यांला खोटं नगं."

मी कागद बदलला. आठ दिवसांत कंत्राटदारानं त्यांना घरी बसवलं. वर्षभर त्यांनी तिसगावजवळच्या पाथर्डीत पंखे आणि मोटारी दुरुस्त केल्या. मी फोन करत असे, ते हवापाण्याचं बोलत. एकदाही मला दोष दिला नाही. पण त्या अहवालामुळे एक नियम लागू झाला: साफसफाईनंतर केंद्रात मोजून पाणी ओतायचं आणि पुढच्या तासाचा संदेश तपासल्याशिवाय जागा सोडायची नाही. पुढच्या पावसाळ्यात दोन केंद्रं मुकी झाली आणि कुणाला अँटेना जुळवता येईना, तेव्हा साहेबांनी स्वतः कंत्राटदाराला बोलावून अंबादासभाऊंना परत आणवलं. मग गुडघ्यांनी दगा देईपर्यंत ते डोंगरावरच राहिले.

दहाव्यानंतर मी तिसगावला गेले. मनीषा दोन मुलांना घेऊन आली होती. साखरपुड्याचा विषय तिनंच काढला. "मला लई राग आला होता, मॅडम. सासरचे विचारत होते, मुलीचा बाप कुठंय. अण्णा सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, माझ्या हातून चूक झालीय, ती सोडवून येतो. आन गेले. दोन वर्षं मी त्यांना टोचून बोलायचे." तिनं धाकट्याला मांडीवर ओढलं. "मग एकदा आमच्याच ओढ्याला पानी आलं. तवापासून न्हाई बोलले."

मी त्या रात्री तिथेच राहिले. सकाळी साडेआठला काकू उठून जिन्यानं गच्चीवर निघाल्या, म्हणून मीही मागे गेले. गच्चीच्या मधोमध पत्र्याचा एक साधा पर्जन्यमापक होता, अंबादासभाऊंनी स्वतः बनवलेला. काकूंनी झाकण काढलं, आत वाकून पाहिलं, बाटली उलटी करून झटकली. आभाळ निरभ्र होतं, आठवडाभर थेंब पडला नव्हता, हे खालूनही दिसत होतं. आम्ही खाली आलो. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखांच्या चौकोनांत अंबादासभाऊंच्या बारीक अक्षरात आकडे होते. बहुतेक ठिकाणी शून्य, आणि शून्यापुढे दर वेळी एकच शब्द: पाहिले. त्यांच्या अखेरच्या दिवसाच्या चौकोनातही तेच. पुढचे तीन चौकोन कोरे. त्यानंतर मोठी, वाकडी, सावकाश काढलेली अक्षरं सुरू होत होती.

"ऊन तर लख्ख आहे, काकू," मी म्हणाले. "वर जायची काय गरज?"

"ते म्हनायचे, बगितल्याबिगर लिवायचं न्हाई." त्यांनी दोरीला बांधलेलं पेन उचललं, चष्मा सारखा केला आणि त्या दिवसाच्या चौकोनात शून्य काढून पुढचा शब्द लिहू लागल्या.