परण्याची लाल गाडी

माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेव कापसात बुडाला आणि त्या वेळी गाडी मी चालवत होतो, एवढं सोडलं तर लग्न छान झालं. जेवण तर उत्तमच होतं.

गाडी माझीच. लाल, विलायती, जुन्या काळची स्पोर्ट कार. दोन दारं, दोन सीटा आणि डोक्यावर छप्पर नाही. जाफराबादच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं कोंबड्यांना सांभाळत उभी होती. मी बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला, नवीन जालन्यात राहायला. कपाशीचे प्लॉट बघायला म्हणून तिकडे गेलो आणि येताना गाडी घेऊन आलो. (म्हणजे टेम्पोत घालून. तिची चाकं चार दिशांना बघत होती.) बायकोने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कुकर लावायला आत गेली.

इंजिन एका गॅरेजवाल्याने चालू करून दिलं, पण खालचं काम, म्हणजे सस्पेन्शन आणि स्टीअरिंग, याला हात लावायला तो तयार होईना. असली गाडी आपण कधी पाहिलीच नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मीही पाहिली नव्हती. पण माझ्याकडे मोबाइल होता, त्यात व्हिडिओ होते, आणि वडीगोद्रीला माझे दाजी होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. शेती करतात आणि स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः खोलतात. खोललेला ट्रॅक्टर ते पुन्हा जोडतातही, आणि दरवेळी जे दोन-चार नट उरतात ते कंपनीने उगाच जास्तीचे दिले होते, असं त्यांचं मत आहे. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "मधुकरराव, ट्रॅक्टर काय अन् ही काय, चाकं चारच हायत ना? मंग भ्याचं कामच न्हाई."

त्यांच्या शेडमध्ये काम सुरू झालं. मी दर शनिवारी जालन्याहून जायचो. गाडीचे मूळचे पाटे, म्हणजे खालच्या स्प्रिंगा, गंजून पापडासारखे मोडले होते. नवे मिळण्याची आशा नव्हती, तेव्हा दाजींनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे पाटे कापून बसवले. स्पोर्ट कार जमिनीला चिकटून चालावी असा जगभर रिवाज आहे. आमची इतकी उंच झाली की तिच्या खालून कोंबडी मान वर करून जायची. शिवाय ते पाटे इतके ताठ की गाडीत बसणाऱ्याने शिंक दिली तरी तो आधी वर उडून मग खाली यायचा. त्यावरही दाजींकडे इलाज होता. ट्रॉली रिकामी असली की उडतेच, भरली की गुमान चालते. म्हणून मागच्या डिकीत सोयाबीनची भरलेली पोती ठेवायची ठरली.

इथपर्यंत हा फक्त आमच्या दोघांचा छंद होता. त्यात पल्लवी आली.

पल्लवी ही ताईची मुलगी, माझी लाडकी भाची. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर वडीगोद्रीलाच ठरलं होतं. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाचा परण्या निघतो. नवरदेव वाजतगाजत वेशीच्या मारुतीला जातो, नारळ फोडतो आणि तिथून मांडवात येतो. तो येतो घोड्यावर. आता गावात जो घोडा होता, त्याला बँडचा आवाज सुरू झाला की खाली बसायची सवय होती. पल्लवीच्या चुलतबहिणीच्या लग्नात नवरदेव अर्ध्या रस्त्यात घोड्यासकट बसला होता आणि त्याचे फोटो गावातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये होते. पल्लवी शेडच्या दारात येऊन मला म्हणाली, "मामा, मला त्यो घोडा बिलकुल नगं. तुमची गाडी व्हईल का तवर तयार?"

मी पाना खाली ठेवला आणि सांगितलं, "तुझा नवरा लाल गाडीतून येईल आणि मुहूर्ताच्या आधी येईल. मामाचा शब्द आहे."

तिने लगेच ताईला सांगितलं, ताईने लगेच घोडेवाल्याला नाही म्हणून कळवलं. माझ्या शब्दावर कुणी इतक्या तातडीने काही केल्याचा तो पहिलाच प्रसंग. एका बाबतीत तर ताई खूशच होती. परण्यात नवरदेवाबरोबर कोणी बसायचं यावरून हमखास रुसवेफुगवे होतात. या गाडीत एक जागा नवरदेवाची, एक चालवणाऱ्याची. रुसायला जागाच नव्हती.

आता स्टीअरिंग. त्याचा मुख्य भाग म्हणजे रॅक, एक लांब नळकांडं. आत दात्यांचा गज आणि दोन्ही टोकांना चाकांकडे जाणारे दांडे. ते कसंही धरलं तरी सारखंच दिसतं, आणि उलटं बसवलं तर घोटाळा, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणून काढतानाच मी त्याच्या वरच्या बाजूला लाल ऑइलपेंटचा एक ठिपका दिला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत हुशारीचं काम होतं. मग सगळे भाग ताडपत्रीवर ओळीने मांडून ठेवले आणि मी जालन्याला परतलो.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा असते. माझी आई लग्नाच्या तयारीसाठी ताईकडेच मुक्कामाला होती आणि पूजा तिच्याकडे होती. दसऱ्याला मी वडीगोद्रीला पोचलो तर शेड ओळखू येईना. ताडपत्रीभोवती रांगोळी, आणि ताडपत्रीवर आमच्या गाडीचे सगळे भाग घासूनपुसून लख्ख, प्रत्येकावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. रॅकवरही मधोमध लाल ठिपका. मला भरून आलं. गाडीला घरच्यांनी आपलं मानलं, असं वाटलं. आईच्या पाया पडलो आणि कामाला लागलो.

लाल ठिपका वर ठेवून रॅक जागेवर धरला तर तो बसेना. स्टीअरिंगची शाफ्ट एकीकडे आणि रॅकचं तोंड दुसरीकडे. शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. आम्ही वेल्डिंग केलं. शाफ्ट कापून, मध्ये ट्रॅक्टरचा एक जोड घालून दाजींनी दोघांची गाठ मारून दिली आणि परदेशातल्या लोकांना मापं घेता येत नाहीत, असा निर्वाळा दिला.

मग चाचणी. पुढची चाकं जॅकवर उचलली. दाजी स्टीअरिंगवर बसले, मी गाडीसमोर त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो.

"डावीकडं फिरवलं," दाजी म्हणाले.

मी पाहिलं. चाकं डावीकडे वळली होती. "बराबर," मी म्हणालो.

"आता उजवीकडं."

चाकं उजवीकडे. "एकदम बराबर!"

समोरासमोर उभ्या असलेल्या माणसाचं डावं ते आपलं उजवं, हे बालवाडीत शिकवतात. दाजी बालवाडीत गेलेले नाहीत. मी गेलो होतो.

रस्त्यावर एक चक्कर मारावी असं माझ्या मनात होतं, पण ताईने अडवलं. नवं वाहन आधी मारुतीला जातं आणि मगच दुसरीकडे, असं तिचं म्हणणं. त्यातून लग्नाची गाडी, नजर लागायला किती वेळ. तेव्हा नवरदेवाच्या जानवशापर्यंतही गाडी टेम्पोत घालून नेली आणि तिची पहिली फेरी थेट परण्यालाच निघाली.

नवरदेव अक्षय बँकेत नोकरीला. अतिशय सभ्य मुलगा. पाट्यांच्या उंचीमुळे त्याला गाडीत चढायला खुर्ची द्यावी लागली, तरी त्याने मला "गाडी छान आहे, मामा" असं सांगितलं. डिकीत सोयाबीन, पुढे बँड, त्यापुढे नाचणारे वऱ्हाडी. शाळेतल्या जानवशापासून मारुतीपर्यंत रस्ता सरळ आणि वेग नाचणाऱ्यांच्या पायाइतका. गाडी जराशी डावीकडे झुकली की मी उजवीकडे वळवायचो, आणि ती आणखी डावीकडे झुकायची. मग मी घाबरून उलट फिरवायचो. अशी आमची डुलत डुलत वाटचाल चालली होती. लोकांना वाटलं, नवरीचा मामा बँडच्या तालावर गाडी नाचवतोय. त्यांनी शिट्या वाजवल्या. मी हात हलवला. ताठ पाट्यांचा दोष असणार, अशी मी मनाची समजूत घातली.

मारुतीपुढे नारळ फुटला. मंदिरापासून उजवीकडे मांडव आणि डावीकडे एका व्यापाऱ्याचं कापूस खरेदीचं आवार. बँड वाजवत वाजवत उजवीकडे वळला. वऱ्हाड वळलं. मीही स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं.

गाडी डावीकडे निघाली.

आता माणूस काय करतो? आणखी जोरात उजवीकडे फिरवतो. मी सगळी ताकद लावून उजवीकडे फिरवलं आणि गाडी तितक्याच ताकदीने आवाराच्या फाटकातून आत शिरली. समोर कापसाची घरापेक्षा उंच गंजी होती. ब्रेक होते, चांगले होते, पण त्या क्षणी माझे दोन्ही पाय सीटवर होते. आवाज काहीच झाला नाही. सगळीकडे एकदम पांढरं झालं.

थोड्या वेळाने कापसातून अक्षयचा आवाज आला. "मामा, आला का मांडव?"

मी त्याला हाताने चाचपून शोधला. फेटा डोळ्यांवर आला होता, मिशीत सरकी अडकली होती, बाकी मुलगा शाबूत होता. एवढं होऊनही त्याचं डोकं ठिकाणावर होतं. तो म्हणाला, "मामा, स्टीअरिंग उलटं चालून राह्यलं. तुमी मागं घ्या, मंग मी सांगतो तसं चालवा."

कशीबशी गाडी मागे घेतली. अक्षयने सांगितलं, "डावीकडं." मला उजवीकडे जायचं होतं, स्टीअरिंग उलटं, म्हणजे त्याने हिशोब करूनच डावीकडे म्हटलं होतं. पण मीही हिशोब केला. सगळंच उलटं आहे तर तो म्हणतो त्याच्या उलट केलं पाहिजे. मी उजवीकडे फिरवलं. दोघांचे हिशोब आपापल्या जागी बरोबर होते. आम्ही पुन्हा गंजीत गेलो, या वेळी जरा जास्त आत.

तिकडे बँड मांडवाच्या दारात पोचला. वऱ्हाडीही नाचत पोचले. नाचणारा माणूस मागे बघत नसतो. ताई आरतीचं ताट घेऊन पुढे आली आणि बघते तर बँडच्या मागे मोकळा रस्ता, त्यावर एक कुत्रं. मुहूर्ताची वेळ होत आलेली. भटजी घड्याळ बघताहेत. आतल्या खोलीत पल्लवी गौरीहरापुढे बसलेली. कुणीतरी तिला जाऊन सांगितलं की नवरदेव कापसात गेला. हे मला नंतर कळलं, आणि तेव्हा मात्र खरोखर लाज वाटली. घोड्याने निदान गाडीवाट तरी सोडली नव्हती.

पाण्याची टाकी आणलेला ट्रॅक्टर मांडवामागे उभा होता. दाजी तोच घेऊन आले. त्यांनी गाडीला दोर बांधला आणि मला एकच अट घातली.

"मधुकरराव, मांडव येईस्तोवर स्टेरिंगला हात लावायचा न्हाई. हात जोडून बसा."

मी हात जोडून बसलो. पुढे ट्रॅक्टर, मागे दोरावर लाल गाडी, गाडीत कापसाने पांढराफटक नवरदेव आणि शेजारी मी, छातीशी हात जोडून. दुतर्फा लोक उभे होते. त्यांना वाटलं मी नमस्कार करतोय. म्हाताऱ्या माणसांनी उलट नमस्कार केला. काहींनी मला पुढच्या निवडणुकीबद्दलही विचारलं.

मुहूर्त टळला. भटजींनी पंचांगात बघून शांतपणे दुसरा काढला. (लग्न लावायला आलेला भटजी उपाशी परत जात नाही.) अंतरपाट खाली झाला, पल्लवीने समोर पाहिलं. अक्षयच्या भुवयांवर अजून कापूस होता. तिने क्षणभर ओठ दाबले आणि मग अशी हसली की हातातली माळ खाली पडली. तोही हसायला लागला. माझ्या जिवात जीव आला. निघताना पाया पडून ती म्हणाली, "मामा, शबद खरा केला तुमी. लाल गाडीतूनच आला." वेळेचा विषय तिने काढला नाही. सासरी मात्र जीपने गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी खोलली. ठिपका वर, रॅक ठिपक्याप्रमाणे, सगळं बरोबर. मी बोट लावलं तर ठिपका बोटाला आला. ऑइलपेंट असा बोटाला येत नाही. मी आईला हाक मारली.

"त्यो लाल डाग व्हय?" आई म्हणाली. "त्यो म्या राखंनं घासून काढला. देवापुढं मांडायचं अन् असं डागाळलेलं? लई घासलं तवा निघाला. मंग जी बाजू वर दिसली तिला कुंकू लावलं."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी रॅककडे पाहिलं. आईचं काहीच चुकलं नव्हतं. कुंकवावरून यंत्र जोडणारा अभियंता घरात आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता रॅक सरळ बसवला आहे. मधला जोड काढला आणि शाफ्ट पहिल्या झटक्यात जागेवर गेली. गाडी जिकडे फिरवावी तिकडे जाते. पाटे अजून ट्रॉलीचेच आहेत.

यंदाच्या खंडेनवमीला मात्र मी आईला घेऊन वडीगोद्रीला होतो. आईने ट्रॅक्टरला, पान्यांना, गाडीला हळदकुंकू लावलं. मी शेजारी उभा होतो. शेवटी ती ताट घेऊन माझ्याकडे वळली, माझ्या कपाळावर अंगठ्याने चांगलं ठसठशीत कुंकू लावलं आणि म्हणाली, "मधू, ही वरची बाजू हाय. ध्यानात ठीव."